दूरच्या सर्व्हरवरचा मेल टर्मिनलमधून कसा सांभाळायचा: पोस्टफिक्स, मट आणि लॉग

नवा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा दूरचा सर्व्हर, घेतला, वेबसाइट चढवली, संपर्काचा फॉर्म सुरू केला. काही दिवसांनी ग्राहक विचारतो, "फॉर्म भरला होता, उत्तर का नाही आलं?" सर्व्हरवर लॉगिन केलं तर ‘यू हॅव न्यू मेल’ अशी ओळ दिसते. नवखा माणूस या दोन्ही गोष्टी एकच समजतो आणि भलत्याच जागी शोधत बसतो. ती ओळ सर्व्हरच्या आतल्या मेलबॉक्सबद्दल असते. ग्राहकाकडे न पोचलेला मेल मात्र बहुधा बाहेर जायच्या रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, अडकलेला असतो. दोघांची जागा वेगळी, कमांड वेगळ्या, दुखणीही वेगळी.

एक गोष्ट सगळ्यात आधी मनात पक्की करा. टर्मिनलवर हजार मेल पुसायला एक ओळ पुरते आणि पुसलेलं परत येत नाही. म्हणून क्रम कायम हाच ठेवा: पाहा, थांबवा, वाचा, मग पुसा.

कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. आकडेही इंग्रजीच. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. लिनक्सला लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळतो आणि पोस्टसुपर या कमांडमध्ये तो फरक चांगलाच महागात पडतो.

हाताशी काय हवं

- सर्व्हरवर सुडोचे (प्रशासकाचे) अधिकार असलेलं खातं आणि दुरून लॉगिन करण्यासाठी एसएसएचची की. रूट या मुख्य खात्याने थेट लॉगिन करू नका.
- पोस्टफिक्स (मेल पाठवणारा आणि घेणारा मेल सर्व्हर), मट (टर्मिनलमध्ये मेल वाचण्याचा प्रोग्रॅम), टीमक्स (नेट तुटलं तरी काम चालू ठेवणारा) आणि साधी ‘मेल’ कमांड देणारं बीएसडी-मेलेक्स हे पॅकेज. रॉकी किंवा अल्मालिनक्सच्या ९व्या आवृत्तीवर त्याच्या जागी एस-नेल येतं.
- डोमेनच्या डीएनएस पॅनेलचं लॉगिन. हे बहुतेकदा दुसऱ्याच कुणाकडे असतं, आधीच मागून ठेवा.
- चाचणीसाठी बाहेरचा एक पत्ता, शक्यतो जीमेलचा.
- मेलबॉक्सच्या आकाराएवढी मोकळी डिस्क, प्रत काढून ठेवण्यासाठी.

डेबियनवर आधी पोस्टफिक्सच टाका. मेल सर्व्हर नसताना बीएसडी-मेलेक्स टाकलं तर सोबत एक्झिम हा दुसराच मेल सर्व्हर येतो आणि मग पुढची एकही कमांड जुळत नाही. पोस्टफिक्स टाकताना प्रकार विचारतो, तिथे ‘इंटरनेट साइट’ निवडा. ‘सिस्टिम मेल नेम’मध्ये पूर्ण डोमेन द्या, नुसतं सर्व्हरचं टोपणनाव नको.

१. लॉगिन करा, पण उघड्यावर काम करू नका

एसएसएचने आत गेल्यावर पहिली कमांड ‘टीमक्स न्यू -एस मेल’. मोठा मेलबॉक्स सेव्ह होत असताना नेट गेलं, तर टीमक्सशिवाय ते काम मधेच तुटतं. टीमक्समध्ये ते सर्व्हरवर चालूच राहतं. बाहेर पडायला कंट्रोल-बी दाबून डी, परत यायला ‘टीमक्स अटॅच -टी मेल’.

लगेच ‘लोकेल’ कमांड चालवून बघा. तिथे यूटीएफ-८ दिसायला हवं. नुसतं ‘सी’ किंवा ‘पॉझिक्स’ दिसलं तर मराठी विषयांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. अशा वेळी लँग या व्हेरिएबलला ‘सी.यूटीएफ-८’ ही किंमत द्या, दोन्ही मोठ्या अक्षरांत. जोडाक्षरं टर्मिनलमध्ये थोडी विस्कटलेली दिसतातच. तो टर्मिनलचा दोष आहे, मेल शाबूत असतो.

आणखी एक तपासणी: ‘डेट’. बहुतेक व्हीपीएस यूटीसी वेळेवर चालतात. ग्राहक म्हणाला दुपारी चारला फॉर्म भरला, तर लॉगमध्ये साडेदहाच्या आसपास शोधा. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायचे.

२. मेल नेमका कुठे साठतो ते ठरवा

‘पोस्टकॉन्फ -एन’ चालवा. मूळ सेटिंगपेक्षा जे जे वेगळं ठेवलंय तेवढंच ती दाखवते, म्हणून दुसऱ्याने उभारलेला सर्व्हर समजून घ्यायला यासारखी कमांड नाही.

त्यात ‘होम_मेलबॉक्स’ नसेल तर मेल ‘/व्हार/मेल’ खाली प्रत्येक खात्याच्या नावाच्या एकाच फाइलमध्ये साठतो. हा एमबॉक्स प्रकार: सगळे मेल एकाखाली एक. ‘होम_मेलबॉक्स’ची किंमत ‘मेलडिर/’ असेल तर प्रत्येक मेलची वेगळी फाइल, आणि न्यू, कर, टीएमपी अशी तीन फोल्डर. शेवटची तिरकी रेघ फार महत्त्वाची आहे. ती विसरलात तर पोस्टफिक्स मेलडिर नावाची एक एमबॉक्स फाइलच बनवतो.

डव्हकॉट, म्हणजे मेलबॉक्समधले मेल फोनला किंवा ॲपला देणारा सर्व्हर, चालू असेल तर ‘डव्हकॉन्फ -एन’ही बघा. मेलबॉक्स कुठे आणि कोणत्या प्रकारचा, ते तिथे लिहिलेलं असतं.

३. ‘यू हॅव मेल’ म्हणजे काय, ते वाचा

हा बहुतेक वेळा क्रॉनने (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेने) किंवा सर्व्हरच्याच एखाद्या प्रोग्रॅमने रूटला पाठवलेला मेल असतो. बॅकअप महिनाभर फसतोय, ही बातमी कित्येकदा इथेच न वाचता पडलेली असते. वाचताना फाइलला धक्का लागू नये म्हणून मट फक्त वाचण्याच्या रूपात उघडा: ‘सुडो मट -आर -एफ /व्हार/मेल/रूट’. यात आर मोठा, एफ लहान. मटचं स्पेलिंग एम, यू, टी, टी.

साध्या ‘मेल’ कमांडनेही वाचता येतं, पण तिची एक सवय ठाऊक हवी. वाचलेला मेल क्यू दाबून बाहेर पडताना ती उचलून होम फोल्डरातल्या ‘एमबॉक्स’ नावाच्या फाइलमध्ये टाकते. मेल गायब झाला म्हणून घाबरायचं कारण नाही, तो तिथे असतो. काहीही न बदलता बाहेर पडायचं तर एक्स दाबा.

हा मेल कायमचा नजरेसमोर यावा यासाठी ‘/ईटीसी/अलिअसेस’ फाइलमध्ये ‘रूट:’ पुढे तुमचा रोजचा पत्ता लिहा आणि लगेच ‘सुडो न्यूअलिअसेस’ चालवा. ही दुसरी पायरी राहिली तर फाइल बरोबर दिसते आणि मेल मात्र जुन्याच जागी जात राहतो, कारण पोस्टफिक्स वाचतो तो त्या फाइलवरून तयार झालेला डेटाबेस.

४. क्यू बघा

‘मेलक्यू’ किंवा ‘पोस्टक्यू -पी’. दोन्ही एकच. प्रत्येक मेलच्या पहिल्या ओळीत ओळख-क्रमांक, बाइटमधला आकार, आल्याची वेळ आणि पाठवणारा. त्याखाली कंसात अडकण्याचं कारण. त्याखाली ज्याला पाठवायचा त्याचा पत्ता. क्रमांकाला चिकटून तारांकन असेल तर मेल आत्ता या क्षणी पाठवला जातोय. उद्गारचिन्ह असेल तर तो कुणीतरी थांबवून ठेवलाय. काहीच नसेल तर तो खोळंबलाय, पुन्हा प्रयत्न होईल.

तो प्रयत्न कधी होतो? मूळ सेटिंगमध्ये पोस्टफिक्स पहिल्यांदा किमान ३०० सेकंद थांबतो, नंतर हे अंतर वाढत ४००० सेकंदांपर्यंत जातं, आणि पाच दिवसांनी तो हात टेकून मेल पाठवणाऱ्याकडे परत करतो. म्हणजे दुरुस्तीला तुमच्याकडे पाच दिवस असतात. घाईने काही पुसायची गरज नाही. कारण दूर करा, अडकलेले मेल आपोआप निघतात.

‘पोस्टक्यू -एफ’ने सगळे एकदम ढकलता येतात. दुरुस्तीनंतर एकदा जरूर चालवा. दुरुस्ती न करता पुन्हापुन्हा चालवलीत तर समोरचा सर्व्हर तुमच्या आयपीबाबत आणखी हात आखडता घेतो. एकच मेल ढकलायचा तर ‘पोस्टक्यू -आय’ आणि पुढे क्रमांक.

५. क्रमांक धरून लॉग वाचा

हा टप्पा आला की बाकी सगळं सोपं जातं. डेबियन-उबुंटूवर लॉग ‘/व्हार/लॉग/मेल.लॉग’मध्ये, रॉकी-अल्मावर ‘/व्हार/लॉग/मेललॉग’मध्ये, मधे टिंब न देता. डेबियन १२पासून मूळ उभारणीत आरसिसलॉग (लॉग फाइलमध्ये लिहिणारी सेवा) नसतो, त्यामुळे ती फाइल सापडणार नाही. तिथे ‘जर्नलसीटीएल’ चालवा.

समजा क्रमांक आहे ९ए३डी२१४०ई७. ‘ग्रेप’ या शोधण्याच्या कमांडने तो क्रमांक असलेल्या तेवढ्याच ओळी काढा. पहिली ओळ ‘पिकअप’ची असेल तर मेल याच सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमने टाकला, ‘एसएमटीपीडी’ची असेल तर जोडणी करून दिला. मग ‘क्लीनअप’, ‘क्यूएमजीआर’, आणि शेवटी ‘एसएमटीपी’ची ओळ. सगळा जीव त्या शेवटच्या ओळीत आहे. तिच्यात ‘रिले=’ पुढे कुठल्या सर्व्हरशी बोलणं झालं ते, ‘डीएसएन=’ पुढे तीन आकड्यांचा कोड आणि ‘स्टेटस=’ पुढे निकाल.

कोडचा पहिला आकडा २ म्हणजे समोरच्याने मेल स्वीकारला. ४ म्हणजे तात्पुरती अडचण. ५ म्हणजे कायमचा नकार, पुन्हा प्रयत्न नाही. ‘स्टेटस=सेंट’ दिसलं आणि ग्राहक तरीही म्हणतो आलं नाही, तर त्याला स्पॅम फोल्डर बघायला सांगा. तुमच्या सर्व्हरवर शोधण्यासारखं काही उरलेलं नाही.

६. नेहमीची दुखणी

‘कनेक्शन टाइम्ड आउट’, आणि तेही प्रत्येक पत्त्यासाठी. नव्या व्हीपीएसवर हे सर्वांत जास्त दिसतं. अनेक क्लाऊड कंपन्या स्पॅम रोखण्यासाठी बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद ठेवतात. ‘एनसी -व्हीझेड’ पुढे जीमेलचा एमएक्स सर्व्हर (त्या डोमेनचे मेल स्वीकारणारा) आणि २५ लिहून खात्री करा. मेल सर्व्हरची सेटिंग बदलत बसू नका, अडचण तिथे नाहीच. कंपनीला विनंती करा, किंवा ५८७ पोर्टवरून रिले सेवा (तुमचे मेल पुढे पाठवणारा दुसरा सर्व्हर) वापरा. त्यासाठी ‘रिलेहोस्ट’मध्ये सर्व्हरचं नाव चौकटी कंसात लिहा आणि कंसाबाहेर विसर्गचिन्ह (कोलन) देऊन ५८७. चौकटी कंस नसेल तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधायला जातो आणि भलतीकडे पोचतो. रिलेचा पासवर्ड ‘/ईटीसी/पोस्टफिक्स/एसएएसएल_पासडब्ल्यूडी’मध्ये ठेवून ‘पोस्टमॅप’ चालवा, फाइलला ६०० परवानगी द्या. पासवर्ड उघडा जाऊ नये म्हणून ‘एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल’ला ‘एन्क्रिप्ट’ करा. एवढं करूनही ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ आलं तर डेबियनवर ‘लिबएसएएसएल२-मॉड्यूल्स’ हे पॅकेज राहिलंय.

५५० आणि ५.७.२६, जीमेलकडून. पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ (डोमेनच्या नावे कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लागतंच. दिवसाला पाच हजारांहून जास्त पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि वर डीमार्कही (ही तपासणी फसली तर काय करायचं ते सांगणारी नोंद). एसपीएफची टीएक्सटी नोंद डोमेनमागे एकच असते. दोन लिहिल्या तर दोन्ही बाद होतात. जुन्या नोंदीतच नवा आयपी जोडा. आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद मात्र डोमेनच्या पॅनेलमध्ये नसते, ती सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या पॅनेलमध्ये मिळते. नवखे तिला चुकीच्या पॅनेलमध्ये तासन् तास शोधतात.

एसपीएफ, पीटीआर सगळं बरोबर आणि तरी नकार? लॉगमध्ये ‘रिले=’ पुढचा पत्ता आयपीव्ही६चा आहे का बघा. नोंदी केल्या आयपीव्ही४साठी आणि मेल निघतोय दुसऱ्या दाराने, असं बऱ्याचदा असतं. ‘इनेट_प्रोटोकॉल्स’ला ‘आयपीव्ही४’ करा आणि पोस्टफिक्स पूर्ण बंद करून चालू करा. या सेटिंगला नुसतं रीलोड पुरत नाही.

४५० किंवा ४५१, ‘ग्रेलिस्टेड’. काही करू नका. समोरचा सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला थोड्या वेळाने या म्हणतो. पुढच्या प्रयत्नात जातो.

‘होस्ट नॉट फाउंड’. बहुधा पत्ता टाइप करताना डोमेन चुकलंय. तशी खात्री झाली तरच हे मेल पुसा.

७. क्यू साफ करा, पण आधी थांबवा

एक दिवस मेलक्यू चालवल्यावर हजारो ओळी धावू लागल्या, तर वेबसाइटचा फॉर्म किंवा एखादं प्लगइन कुणाच्या तरी हातात गेलंय असं धरून चाला. पहिलं काम: ‘सुडो पोस्टसुपर -एच ऑल’. एच लहान, ऑल तिन्ही मोठ्या अक्षरांत. सगळे मेल जागच्या जागी गोठतात. यात खऱ्या ग्राहकांचे मेलही असतील, म्हणून पुसायचे नाहीत. नवे येऊन पडत असतील तर वेब सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवा.

आता एक मेल उघडून वाचा: ‘सुडो पोस्टकॅट -क्यू’ आणि क्रमांक. हेडरमध्ये ‘एक्स-पीएचपी-ओरिजिनेटिंग-स्क्रिप्ट’ अशी ओळ शोधा. पीएचपीमध्ये ती सोय चालू असेल तर पुढे ३३, विसर्गचिन्ह आणि एका फाइलचं नाव मिळतं. ३३ हा डेबियनवर वेब सर्व्हरच्या खात्याचा क्रमांक, आणि फाइल म्हणजे मेल पाठवणारी स्क्रिप्ट. चोर इथेच नावानिशी सापडतो. आधी ती फाइल हटवा, प्लगइन अद्ययावत करा, पासवर्ड बदला. भोक बुजवल्याशिवाय क्यू साफ केली तर तासाभरात ती परत भरते.

एकेक मेल पुसायला ‘पोस्टसुपर -डी’ आणि क्रमांक. एका पाठवणाऱ्याचे सगळे पुसायचे तर ‘पोस्टक्यू -जे’ वापरा. ही सोय पोस्टफिक्स ३.१पासून आहे. ती दर मेलची माहिती जेसॉनमध्ये एकेका ओळीत देते. ‘जेक्यू’ या जेसॉन वाचणाऱ्या कमांडने हव्या त्या पाठवणाऱ्याच्या ओळींतून फक्त क्रमांक काढा आणि ती यादी आधी एका फाइलमध्ये उतरवा. फाइल डोळ्यांखालून घाला, ओळी मोजा, मगच तिला ‘पोस्टसुपर -डी -’कडे पाठवा. शेवटची नुसती वजा-खूण म्हणजे क्रमांक इनपुटमधून घे. यादी न बघता थेट पाइप लावण्याचा मोह टाळा.

खरे मेल उरले की ‘पोस्टसुपर -एच ऑल’, पण या वेळी एच मोठा. लहान एच थांबवतो, मोठा सोडतो. इथेच बोट चुकतं, कारण गोठवलेले मेल पुन्हा गोठवले तर काहीच घडल्यासारखं दिसत नाही. नंतर मेलक्यू बघून उद्गारचिन्हं गेली का ते तपासा.

‘/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स’मध्ये जाऊन आरएमने फाइली कधीही पुसू नका. पोस्टफिक्स त्याच क्षणी त्या वाचत असू शकतो.

८. मेलबॉक्समधला जुना ढीग काढा

आधी प्रत. एमबॉक्स असेल तर फाइल कॉपी करा, मेलडिर असेल तर ‘टार’ने बांधून ठेवा.

मग मट उघडा. समजा क्रॉनचे ३० दिवसांपेक्षा जुने मेल काढायचेत. एल दाबा आणि नमुना द्या: ‘~एफ क्रॉन ~डी >३०डी’. पडद्यावर तेवढेच मेल उरतात. वरखाली फिरून बघा, भलतं काही आलंय का. समाधान झालं की मोठा डी दाबून तोच नमुना पुन्हा द्या. मेलांवर खूण लागते, पण अजून पुसलेलं काही नाही. डॉलरचं चिन्ह दाबून होकार दिलात की ते खरोखर जातात. मन बदललं तर एक्स दाबून बाहेर पडा, सगळं जसंच्या तसं राहतं.

मराठी मेल शोधताना ‘ग्रेप’वर विसंबू नका. ‘बिल’ किंवा ‘पावती’ असा शब्द मेलडिरमध्ये ग्रेप केला तर बहुधा एकही फाइल मिळत नाही, कारण देवनागरी मजकूर फाइलमध्ये सहसा बेस६४ रूपात, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांत बदलून, बांधलेला असतो. विषयाच्या ओळीत ‘=?यूटीएफ-८?बी?’ आणि पुढे अगम्य अक्षरं दिसतात. पण त्यातही एक खूण आहे: विषयाचं पहिलं अक्षर देवनागरी असेल तर त्या अक्षरांची सुरुवात जवळजवळ नेहमी ४, मोठा के, मोठा एस अशी होते, कारण ‘ॲ’सारखे थोडे अपवाद सोडले तर देवनागरीची व्यंजनं आणि स्वर यूटीएफ-८मध्ये त्याच दोन बाइटांनी सुरू होतात. तेवढं ग्रेप केलं तर बेस६४मध्ये बांधलेले मराठी-हिंदी विषयांचे मेल वेगळे काढता येतात. नेमका शब्द हवा असेल तर मटमध्ये ‘~एस’ पुढे मराठी शब्द लिहा. मट विषय उलगडून मगच शोधतो.

डव्हकॉटच्या सर्व्हरवर साफसफाई ‘डव्हॲडम’नेच करा: ‘डव्हॲडम एक्सपंज -यू’, पुढे खातं, मग ‘मेलबॉक्स ट्रॅश सेव्ह्डबिफोर ३०डी’. यात ट्रॅशचा टी मोठा. आधी ‘एक्सपंज’च्या जागी ‘सर्च’ लिहून किती मेल सापडतात ते मोजा. मेलबॉक्स एमडीबॉक्स प्रकारचा असेल तर फाइलींना हाताने स्पर्शही नको, एका फाइलमध्ये अनेक मेल असतात आणि अनुक्रमणिका बिघडते.

९. डिस्क

‘डीएफ -एच’ आणि ‘डीएफ -आय’ दोन्ही चालवा. मेलडिरमध्ये मेलमागे एक फाइल असल्याने जागा शिल्लक असतानाही आयनोड (डिस्कवर किती फाइली मावतात त्या नोंदी) संपू शकतात. क्यूच्या डिस्कवर ‘मेसेज_साइज_लिमिट’च्या दीडपटीपेक्षा कमी जागा उरली की पोस्टफिक्स ४५२ कोड देऊन नवे मेल घेणं थांबवतो. मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट, म्हणजे साधारण १५ एमबीखाली गेलात की दार बंद.

१०. पहारा बसवा

क्रॉनमध्ये दर १५ मिनिटांनी ‘पोस्टक्यू -जे’च्या ओळी ‘डब्ल्यूसी -एल’ने मोजणारी छोटी स्क्रिप्ट लावा. लहान सर्व्हरला ५० ही मर्यादा सुरुवातीला ठीक, नंतर तुमच्या रोजच्या संख्येप्रमाणे बदला. इशारा मात्र याच सर्व्हरच्या मेलवरून पाठवू नका. क्यू अडकली असेल तर तो इशाराही त्याच क्यूत जाऊन बसेल. टेलिग्रामचा बॉट किंवा दुसऱ्या सर्व्हरवरून होणारी तपासणी वापरा, आणि बसवल्यावर मर्यादा मुद्दाम शून्य करून, क्यूत एखादा मेल थांबवून ठेवून, इशारा खरंच येतो का ते एकदा बघून घ्या.